बटाटा फुटतो का, मटकी शिजत का नाही: भाजीच्या पेशीभित्तिकेचा घरच्या घरी हिशोब

कोल्हापुरात राजारामपुरीत आमची छोटी मेस आहे, दोन्ही वेळची मिळून शंभरेक ताटं जातात, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय की चवीची तक्रार क्वचित येते, जी येते ती पोताची असते. बटाटा विरघळला, मटकी दडस राहिली, गवार नुसता चोथा लागतेय, काकडी लुळी पडलीय. मी बीएस्सीला बॉटनी घेतलेलं, कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली विटांच्या भिंतीसारख्या पेशी बघितलेल्या, पण त्या काचपट्टीचा आणि मेसमधल्या पातेल्याचा काही संबंध आहे हे कळायला बराच काळ गेला. आता तो रोज उपयोगी पडतोय, म्हणून जे जे करून बघितलंय आणि ज्याचं कारण मला नीट कळलंय तेवढंच इथं लिहितेय. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आधी भिंत कशाची आहे ते बघू

1665 मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला जे बारीक बारीक खण दिसले त्यालाच त्यानं सेल हे नाव दिलं. खरं म्हणजे त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. प्राण्याच्या पेशीला अशी भिंत नसते, झाडाच्या पेशीला असते, आणि आपण भाजी चावतो तेव्हा दाताला जे लागतं ते मुख्यतः ह्या भिंतीमुळं आणि आतल्या पाण्यामुळं.

ज्यांनी गावाकडं कुडाची भिंत बघितलीय त्यांना हे पटकन कळेल. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या लावायच्या, दोरीनं बांधायच्या आणि वरून माती-शेणानं लिंपायचं. पेशीभित्तिकेत काठ्यांचं काम सेल्युलोज करतंय, त्याचे धागे इतके बारीक की एकाची जाडी काही नॅनोमीटर, पण ताणाला लई चिवट आणि उकळून काही होत नाही त्यांना. काठ्या एकमेकींत गुंतवायचं काम हेमिसेल्युलोज करतंय. आणि लिंपण म्हणजे पेक्टिन. हे पेक्टिन भिंतीच्या आतही असतं आणि शेजारच्या दोन पेशींच्या मधेही असतं, म्हणजे पेशीला पेशी चिकटवून ठेवणारा गोंद तोच. ह्या गोंदाला पकड येते ती कॅल्शियममुळं, कॅल्शियमला दोन धनभार असतात त्यामुळं तो एका हातानं एक साखळी आणि दुसऱ्या हातानं दुसरी साखळी धरून ठेवतोय.

स्वयंपाकाच्या दृष्टीनं ह्यातला गोंद सगळ्यात महत्त्वाचा. भाजी शिजली म्हणजे काय झालं, तर काठ्या तशाच राहिल्या आणि गोंद सुटला. हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्यातून निघतं.

मऊ आणि लुळं ह्यात फरक आहे, तो आधी हातानं बघा

हा प्रयोग पोरांना घेऊन करा, दोन तास लागतात आणि खर्च दोन गाजरांचा. गाजराच्या तीन पट्ट्या कापा, साधारण 10 सेंटीमीटर लांब आणि बोटाएवढ्या नाही तर त्याहून थोड्या बारीक, पण तिन्ही एकसारख्या पाहिजेत नाहीतर तुलना होणार नाही. एक पट्टी साध्या गार पाण्यात ठेवा. दुसरी मिठाच्या पाण्यात, एक लिटरला 50 ग्रॅम मीठ म्हणजे सपाट तीन टेबलस्पून. तिसरी साध्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा आणि गार करा. दोन तासांनी तिन्ही एकेक करून वाकवून बघा.

साध्या पाण्यातली वाकत नाही, जोर दिला की कट्‌कन मोडते. मिठाच्या पाण्यातली बोटाभोवती गुंडाळल्यासारखी वाकते पण तुटत नाही. उकळलेली वाकतही नाही आणि कट्‌कन मोडतही नाही, नुसती हातात दोन तुकडे होऊन पडते.

तर दुसऱ्या पट्टीत काय झालं? भिंत धड आहे, गोंद धड आहे, फक्त आतलं पाणी मिठानं ओढून घेतलं. ताज्या भाजीची प्रत्येक पेशी म्हणजे टायरमधली फुगलेली ट्यूब, पेशीच्या आत पाण्याचा दाब वातावरणाच्या कितीतरी पट असतो आणि भिंत त्याला आवळून धरते, म्हणून पट्टी ताठ. ट्यूबमधली हवा गेली की टायर फाटलेला नसतो, पण गाडी चालत नाही, तसंच हे. तिसऱ्या पट्टीत उलटं, तिथं गोंदच गेलाय. म्हणजे लुळ्या भाजीवर उपाय वेगळा आणि गरगट झालेल्या भाजीवर वेगळा, गरगटीवर तर उपायच नाही, ती आधीच टाळायची.

ह्यातून लगेच हाताला लागणारी गोष्ट. मेथी, कोथिंबीर, पालक संध्याकाळी मलूल झाली असेल तर देठाचं टोक थोडं कापून गार पाण्यात अर्धा-पाऊण तास उभी ठेवा, पाणी आत शिरतं आणि पानं परत ताठ होतात. पण पान काळं पडलं असेल, बोटाला चिकट लागत असेल तर पेशीच्या आतला पातळ पडदाच फाटलेला असतो, ट्यूबला भोक पडल्यावर कितीही हवा भरा. फ्रीझरमध्ये गोठवलेली काकडी किंवा टोमॅटो बाहेर काढल्यावर असाच लिबलिबीत होतो, बर्फाच्या खड्यांनी पडदे फाडलेले असतात.

आणि कोशिंबीर. मीठ जेवायला बसायच्या आधी पाच मिनिटं घालायचं, सकाळी घालून ठेवलं तर दुपारी वाटीभर पाणी आणि लुळी काकडी मिळणार. मेसमध्ये आम्ही काकडी चिरून, दाण्याचं कूट वेगळं, दही वेगळं ठेवतो आणि पंगत बसताना कालवतो.

बाजारातच ठरतं ते: निबर

गोंद सुटतो, पाणी परत भरतं, पण तिसरी एक गोष्ट आहे तिच्यापुढं चूल हरते. ती म्हणजे लिग्निन. भाजी जून व्हायला लागली की काही पेशींच्या भिंती आतून जाड होत जातात आणि त्या जाडीत लिग्निन भरलं जातं, कुडाच्या भिंतीत सिमेंट काँक्रीट ओतावं तसं. लाकूड लाकूड का असतं, तर ह्याच्यामुळं. लिग्निन तासभर उकळा, कुकरच्या दहा शिट्ट्या करा, हलत नाही. शेवग्याची शेंग चावून आपण जो चोथा बाजूला ठेवतो तो हाच, आतला गर गोंद सुटून मऊ झाला आणि सालीचे तंतू आहेत तसे राहिले.

आपल्याकडं हे बघायला लांब जायला नको. गुऱ्हाळावर रस काढून राहिलेली चिपाडं वाळवून चुलवाणात जाळतात ना, ती चिपाडं म्हणजे जवळजवळ नुसती पेशीभित्तिका, त्यात साधारण निम्म्याच्या आसपास सेल्युलोज, पाव हिस्सा हेमिसेल्युलोज आणि पाचवा हिस्सा किंवा थोडं जास्त लिग्निन. ऊस दातानं सोलताना वरची साल दात दुखवते आणि आतला गाभा रसानं भरलेला मऊ लागतो, एकाच कांड्यात दोन्ही प्रकारच्या भिंती.

कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजीवाल्या मावशींकडं आम्ही कायम जातो, त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं होतं, "बघून काय घेतीस, मोडून बघ की." त्या मोडण्यात सगळं शास्त्र आहे. भेंडीचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि टच्‌कन मोडलं की कोवळी, नुसतंच वाकलं की एकतर निबर आहे नाहीतर शिळी. गवारीची शेंग मधे मोडा, दोन तुकडे सुटे झाले तर घ्या, मधे दोरा लोंबत राहिला तर ती शीर शिजल्यावरही लोंबणारच. दोडक्याच्या शिरा नखानं खरवडून बघा. मुळा हातात धरल्यावर आकाराच्या मानानं हलका लागला तर आत जाळी पडलेली असते. वांगं मात्र हलकंच घ्यायचं, जड वांग्यात बिया जास्त असा आमच्या आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा नियम आहे आणि मला तो आजवर बरोबरच वाटलाय.

चुकून निबर आलीच तर उपाय एकच, तंतू काढायचे किंवा आखूड करायचे. गवारीच्या शिरा दोन्ही बाजूंनी ओढून काढा आणि बारीक मोडा, तंतू तेवढाच आखूड झाला की दाताला कमी जाणवतो. जास्त शिजवून फक्त बाकीचा भाग गरगट होतो आणि चोथा तसाच, म्हणजे दोन्हीकडून वाईट.

आंबट कधी घालायचं

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हा आहे, कारण आज्या-पणज्यांनी जे क्रम ठरवून ठेवलेत त्यांचं कारण इथं सापडतं.

साधारण 80 अंशांच्या वर पेक्टिनच्या साखळ्या तुटायला लागतात. पण किती वेगानं तुटतात हे पाणी आंबट आहे की खारं (म्हणजे अल्कधर्मी, मिठाचं खारट नव्हे) ह्यावर ठरतं. पाणी थोडं आंबट असलं की तुटणं मंदावतं, सोडा घालून खारं केलं की वेग वाढतो. करून बघायचं असेल तर बटाट्याच्या 2 सेंटीमीटरच्या फोडी तीन छोट्या पातेल्यांत एकाच वेळी लावा, एकात साधं पाणी, एकात चांगला दोन चमचे चिंचेचा कोळ, एकात पाव चमचा खायचा सोडा. आच सारखी ठेवा. दर चार मिनिटांनी प्रत्येकातली एक फोड काढा.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण दाबून बघून "मऊ वाटतंय" म्हणण्यात काही खरं नाही, गरम फोडीत तर बोटही भाजतं. किचनचा डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर ताटली ठेवून शून्य करा, ताटलीत फोड ठेवा, परत शून्य करा, आणि विणायची सुई किंवा कबाबची काडी सरळ वरून हळूहळू दाबा. काट्यावरचा आकडा वाढत जाईल आणि सुई आत घुसली की एकदम खाली येईल. सगळ्यात वरचा जो आकडा दिसला तो लिहून ठेवा, तेवढ्या ग्रॅमचा जोर त्या फोडीनं सहन केला. फूड लॅबमध्ये टेक्सचर ॲनालायझर म्हणून जी महागडी मशीन असते तिच्यातली एक टेस्ट तत्त्वानं हीच आहे. सुई प्रत्येक वेळी तीच पाहिजे, फोडी एकसारख्या पाहिजेत, आणि एकाच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक वेळी तीन फोडी मोजायच्या. सोड्यातल्या बटाट्याच्या कडा विरघळून पाणी गढूळ झालेलं असेल तेव्हा चिंचेतली फोड अजून ताठ असते, हा फरक आकड्यातही दिसतो आणि डोळ्यालाही.

म्हणून आमटीत डाळ पूर्ण शिजल्यावरच चिंच, आमसूल आणि गूळ. गुळाचंही तसंच, त्यात कॅल्शियम असतं आणि गोडामुळंही दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. बटाट्याच्या रश्श्यात फोडी अख्ख्या पाहिजेत तर टोमॅटो आधी परता आणि बटाटा त्यात घाला, वेळ जास्त लागेल पण कडा राहतील. पावभाजीसारखी मऊ भाजी हवी तर बटाटा आधी साध्या पाण्यात शिजवा, टोमॅटो मागनं.

सोड्याचा मोह मात्र आवरा. भाजी हिरवीगार दिसते, लवकर शिजते, पण गोंद इतका झरझर सुटतो की मिनिटभरात चांगल्या भाजीचा गाळ होतो, चवीला साबणासारखं लागतं आणि बी-1 जीवनसत्त्व खारात टिकत नाही.

भेंडीची तार हाही असाच विषय, तो चिकटपणा पेक्टिनच्या नात्यातला पदार्थ आहे, पाणी मिळालं की फुगतो आणि आंबट मिळालं की पातळ पडतो. धुऊन कोरडी पुसा, मग चिरा, आमसूल किंवा लिंबू घाला. गुऱ्हाळावर ह्याच चिकटपणाचा उपयोग उलटा करतात, काहिलीत उकळत्या रसात रानभेंडीचा चिकट रस घालतात, तो घाण धरून वर आणतो आणि मळी काढून टाकता येते.

मटकी, हरभरा आणि बोअरचं पाणी

एका ओळखीच्यांच्या घरच्या कार्यात आम्ही जेवण करायला गेलो होतो, रात्रभर भिजवलेला हरभरा सकाळी चढवला आणि तीन तास झाले तरी दाताखाली कचकच. जाळ चांगला, भांडं चांगलं. नंतर कळलं की पाणी बोअरचं होतं आणि इतकं जड की बादलीला पांढरे थर बसलेले. जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे आपण गोंद सोडवायला बघतोय आणि पाणी तोच गोंद घट्ट करतंय. त्या दिवशी पंगत उशिरा बसली, ते मला अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून कडधान्याचं आम्ही असं करतो. भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी. हरभरा, राजमा, पावटा भिजवताना एक लिटरला 10 ते 15 ग्रॅम मीठ घालायचं, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते, सकाळी ते पाणी ओतून टाकायचं. मिठानं कडधान्य शिजत नाही असं सगळीकडं ऐकू येतं, आम्ही करून बघितलंय, भिजवताना घातलेल्या मिठानं उलटं होतं. पण मटकीला मोड आणायचे असतील तर मीठ नको, मोड नीट येत नाहीत. बोअरच्या पाण्यावाचून इलाजच नसेल तर किलोला चिमूटभर सोडा, ह्या एका ठिकाणी मी सोड्याला हो म्हणते.

जुनं कडधान्य हा वेगळा त्रास. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा माहितीच आहे, उष्ण दमट जागी महिनोनमहिने पडलेल्या दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ हळूहळू मोडतो, त्यानं धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होतं आणि पेशींमधल्या गोंदाला जाऊन चिकटतं. मग दाणा भिजून फुगतो पण शिजत नाही. उसळीत जे गणंग निघतात त्यातले काही मात्र भिजलेलेच नसतात, सालीतून पाणीच आत गेलेलं नसतं, ते भिजवल्यावर निवडून काढता येतात, न फुगलेला दाणा हाताला लगेच कळतो. कडधान्य कोरड्या, थंड जागी हवाबंद डब्यात ठेवा आणि वर्षाचं एकदम भरू नका.

मिसळीच्या मटकीला मोड आलेले असतात, मोड येताना दाणा स्वतःच आतल्या भिंती सैल करायला लागतो, शिवाय साल फुटलेली असते, म्हणून ती पटकन शिजते. कुकर लावूच नका, कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं आणि मटकीचं पीठ होतं. उघड्या पातेल्यात, बोटानं दाबली की दबेल पण पसरणार नाही इतपतच, आणि कट वेगळा करून वरून.

चुन्याची निवळी

जिथं भाजी कडक पाहिजे तिथं हेच कॅल्शियम कामाला लावायचं. कोहळ्याच्या पेठ्याच्या वड्या पाकात तासभर उकळूनही करकरीत राहतात त्या चुन्यामुळं. खायचा चुना भरपूर पाण्यात कालवा, काही तास स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी तेवढंच अलगद काढा, खालचा साका घ्यायचा नाही. त्यात सोललेल्या फोडी काही तास बुडवा. मग चार-पाच पाण्यांनी धुवा आणि मधे एकदा साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा, धुतलेलं पाणी बुळबुळीत लागेनासं झालं पाहिजे. हात कोरडे पडतात, डोळ्याला लावू नका. डबाबंद टोमॅटोच्या फोडी अख्ख्या राहाव्यात म्हणून कारखान्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, तत्त्व एकच.

शेवटी बटाटा, कारण सुरुवात त्यानंच झाली

आत्या पूर्वीपासून मसाला वाटायला घ्यायच्या आधी बटाट्याच्या फोडी गरम पाण्यात झाकून ठेवायच्या. "असं केल्यावर फुटत न्हाईत गं," एवढंच कारण. मला वाटायचं काळे पडू नयेत म्हणून असेल. पण बटाट्यात आणि गाजरातही एक विकर म्हणजे एन्झाइम असतं, पेक्टिन मिथाइल एस्टरेज, ते साधारण 55 ते 65 अंशांना जोरात काम करतं. ते पेक्टिनवरच्या छोट्या टोप्या काढतं, टोप्या निघाल्या की भाजीतलंच कॅल्शियम तिथं येऊन साखळीला साखळी बांधतं. उकळी आली की हे विकर मरतं पण बांधलेली गाठ बरीचशी तशीच राहते. म्हणजे अर्धा तास कोमटाहून थोड्या जास्त गरम पाण्यात ठेवलेला बटाटा नंतर उकळ्यात जास्त टिकतो.

एक किलोचा हिशोब असा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे त्यामुळं इथं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. दोन लिटर उकळतं पाणी आणि एक लिटर नळाचं पाणी जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करा, त्यात एक किलो फोडी टाका, फोडी गार असतात त्यामुळं सगळं मिळून 60 ते 65 अंशांवर येतं. झाकण, वर जाड टॉवेल, 25 ते 30 मिनिटं. थर्मामीटर असेल तर सोन्याहून पिवळं, आणि 70 च्या वर जाऊ देऊ नका. मग पाणी काढून फोडी रश्श्यात. दहा किलोला भांडं मोठं असल्यानं उष्णता जास्त वेळ टिकते, तिथं मधे एकदा तापमान बघा.

सगळे बटाटे सारखे नसतात हेही धरून चला, पिठूळ बटाट्यात स्टार्च फुगून पेशी आतून एकमेकींपासून ढकलल्या जातात, असा बटाटा वड्याला चांगला आणि रश्श्याला वाईट. पोतं नवीन उघडलं की आम्ही दोन बटाटे उकळून बघतो आणि मगच त्याचं काय करायचं ते ठरवतो.

आणि रस्सा तयार झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवू नका. गॅस बंद झाला म्हणून शिजणं थांबत नाही, 80 च्या वर असेल तोवर गोंद सुटतच राहतो, आणि मोठ्या डब्यातला रस्सा लई वेळ तसा गरम राहतो. फोडी एक कणी कच्च्या असतानाच उतरवा, पसरट भांड्यात ओता, आणि वाढेपर्यंत झाकण तिरकं ठेवा.